चोळमंडलाचा किनारा : नगरे आणि अरण्ये

रामेश्वराची यात्रा महाराष्ट्राला नवी नाही. काशीचे गंगोदक रामेश्वराच्या लिंगावर घालावे आणि सेतूची वाळू परत गंगेला अर्पण करावी, या परिपाठाने पिढ्यान् पिढ्या मराठी माणूस दक्षिणेच्या वाटेला लागला. आणि आगगाडी नव्हती तेव्हा त्या वाटेवरच्या प्रत्येक गावाचा, प्रत्येक नदीच्या उताराचा आणि प्रत्येक धर्मशाळेचा त्याला प्रत्यक्ष परिचय घडत असे. आज गाडी रात्रीतून अंतर कापते, देवालयांच्या नावांची यादी पुरी होते, आणि यात्रेकरू जसा गेला तसा परत येतो. मद्रासपासून धनुष्कोडीपर्यंत पसरलेला जो चोळमंडलाचा समुद्रकिनारा, त्याच्यावरची जुनी नगरे आणि त्यांच्या शेजारी शासनाने राखून ठेवलेली अरण्ये, खाड्या व बेटे ही एकाच दृष्टिक्षेपात पाहिली पाहिजेत, असे माझे निश्चित मत आहे. कारण ज्या समुद्राने आणि ज्या नद्यांनी ती नगरे वसविली व बुडविली, त्यांनीच ती अरण्येही घडविली, आणि यांपैकी एकच अंग पाहणाऱ्याला त्या प्रदेशाचा निम्माच वृत्तांत कळतो.

कोकणाची सवय असलेल्या डोळ्यांना हा किनारा प्रथमदर्शनी निराश करण्याचा संभव आहे. येथे सह्याद्री नाही, कातळाचे सुळके नाहीत, जलदुर्गांना आश्रय देणारी बेटे नाहीत; सपाट वाळू, तिच्या मागे खाऱ्या पाण्याची सरोवरे, आणि त्यांच्याही मागे भाताची शेते, असा हा देश आहे. नैसर्गिक बंदर म्हणावे असे स्थळ जवळजवळ नाहीच, म्हणून व्यापारी पेठा वसल्या त्या नद्यांच्या मुखांशी. आणि नदी गाळाने मुख बुजवू लागली किंवा समुद्र वाळू खाऊ लागला की पेठेचे वैभव सरले. पाऊसही येथे आपल्या उलट. आपल्याकडे नवरात्र उलटून आकाश निवळले की येथे ईशान्येचे वारे ढग घेऊन येतात, आणि आश्विन-कार्तिकापासून मार्गशीर्षापर्यंत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, वर्षाचा बहुतेक पाऊस पडतो. चक्रीवादळांचाही हाच हंगाम. वर्षातून थोडे महिने ओलावा आणि बाकीचे महिने कडक ऊन, अशा विषम हवामानातही बारमाही हिरवे राहणारे एक ठेंगणे, जाड व चिवट पानांचे अरण्य या पट्टीवर उत्पन्न झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला शुष्क सदाहरित वन म्हणतात. एके काळी किनारपट्टीचा मोठा भाग त्याने व्यापला होता. आता त्याचे तुकडे तेवढे उरले आहेत, कोठे देवराईच्या रूपाने, कोठे राखीव जंगलाच्या.

त्यांतला एक तुकडा, आश्चर्य असे की, चेन्नई महानगराच्या पोटातच आहे. कंपनी सरकारने १६३९ साली स्थानिक नायकाकडून जमिनीची सनद मिळवून जेथे सेंट जॉर्जचा किल्ला बांधावयास घेतला, त्या जागेपासून काही मैलांवर गव्हर्नरसाहेबांच्या बागबंगल्याभोवती शिकारीसाठी राखलेले रान होते. साहेबांच्या हौसेखातर ते कुऱ्हाडीपासून वाचले आणि पुढे गिंडी राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.७ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातील अत्यंत लहान राष्ट्रीय उद्यानांपैकी हे एक. तथापि त्यात काळवीट आणि चितळ चरताना दिसतात, आणि कुंपणापलीकडे मोटारींची वर्दळ चालू असते. किल्ल्यातील १६८० सालचे सेंट मेरीचे प्रार्थनामंदिर आणि हे रान एकाच दिवशी पाहावे, म्हणजे इंग्रजी अंमलाने येथे काय बांधले आणि काय बांधावयाचे राहू दिले, या दोहोंचा अंदाज येतो.

दक्षिणेस महाबलीपुरम. त्याची कीर्ती इतकी पसरली आहे की मी त्याविषयी थोडक्यातच लिहितो. सातव्या शतकात पल्लव राजा नरसिंहवर्मा, ज्याला मामल्ल हे बिरुद होते, त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या काळी येथे अखंड शिळांतून रथ कोरले गेले, गंगावतरणाचा प्रचंड शिलापट घडला, आणि आठव्या शतकाच्या आरंभी राजसिंहाने समुद्राच्या कडेला दगडी देऊळ उभारले. खाऱ्या वाऱ्याने त्या देवळावरच्या मूर्तींचे चेहरे पुसट केले आहेत. वाळू व वारा अडविण्यासाठी त्याच्याभोवती सुरूची झाडे लावावी लागली आणि लाटांसाठी दगडांचा बांध घालावा लागला. नगराचे रक्षण झाडांनी करावे, ही गोष्ट या किनाऱ्यावर पुढेही पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

पाँडिचेरीला फ्रेंचांनी १६७४ साली वस्ती केली, आणि तेथील कालव्याच्या पूर्वेस असलेल्या सरळ रस्त्यांच्या पिवळ्या-पांढऱ्या घरांवरून ती ओळख अद्याप पुसलेली नाही. इंग्रजांनी १७६१ मध्ये हे शहर जिंकून जमीनदोस्त केले होते, म्हणून आज दिसते ते बहुतेक त्यानंतरचे. त्या अस्तापूर्वीची पाँडिचेरी ज्याला पाहावयाची असेल त्याने फ्रेंच गव्हर्नर डुप्लेचा दुभाषी आनंदरंग पिळ्ळै याची रोजनिशी वाचावी; दरबारातील कारस्थानांपासून बाजारभावापर्यंत सर्व काही टिपून ठेवणारा असा लेखक त्या काळी दुर्मिळच. मराठी वाचकाला येथून पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरांवरील जिंजीची वाट सोडून चालणार नाही. शिवछत्रपतींनी १६७७ मध्ये घेतलेला, आणि रायगड पडल्यानंतर राजाराम महाराजांनी १६८९ पासून जेथून स्वराज्याचा कारभार चालविला, तो हा तीन टेकड्यांवरचा दुर्ग. मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या वेढ्यापुढे तो सात-आठ वर्षे टिकला. मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना २०२५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांतील महाराष्ट्राबाहेरचा तो एकटाच.

चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन घेऊन बहुतेक लोक परत फिरतात. परंतु तेथून थोड्याच अंतरावर वेल्लार आणि कोळ्ळिडम या दोन नद्यांच्या मुखांमध्ये पिच्चावरमचे कांदळवन आहे. सुमारे अकराशे हेक्टरांच्या या वनात पाण्याच्या असंख्य वाटा आहेत, आणि नावाड्याने होडी त्यांत घातली की दोन्ही अंगांनी तिवरांच्या मुळ्यांच्या कमानी जवळ येत जातात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या वनाच्या मागे असलेल्या वाड्या, उघड्या किनाऱ्यावरच्या गावांच्या मानाने, पुष्कळच बचावल्या. त्या दिवसापासून कांदळवनाचा उपयोग काय, हा प्रश्न या भागातील कोळ्यांनी कोणाला विचारलेला नाही.

आता आपण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आलो. येथे समुद्राचा, नदीचा आणि मराठ्यांचा इतिहास एकमेकांत इतका गुंतला आहे की थोडे थांबल्यावाचून पुढे जाणे म्हणजे या वाटेचे मर्म टाकून देणे होय. डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० मध्ये जी जागा दिली ती तरंगमबाडी, युरोपियनांच्या दप्तरातील त्रांकेबार. नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरून पाठविलेले पत्र कोपनहेगनच्या दप्तरखान्यात अद्याप जपलेले आहे. डॅन्सबर्ग नावाचा छोटासा किल्ला, त्याच्यापुढचे मैदान, एक वेस, एक सरळ राजरस्ता आणि त्याच्या दुतर्फा प्रार्थनामंदिरे व बंगले, एवढाच या नगराचा विस्तार. पण त्याने घडविलेला परिणाम विस्ताराच्या मानाने फारच मोठा. १७०६ मध्ये झिगेनबाल्ग नावाचा तरुण जर्मन धर्मोपदेशक येथे उतरला, तमिळ शिकला, आणि काही वर्षांतच जर्मनीहून आलेल्या खिळ्यांवर तमिळ पुस्तके छापू लागला. १८४५ साली डेन्मार्कने ही वसाहत इंग्रजांना विकली. त्यानंतर नागपट्टणमच्या व्यापाराने हिचा व्यापार ओढून नेला आणि गाव निवांत झाले. चौदाव्या शतकाच्या आरंभीचे मासिलामणीनाथाचे देऊळ येथे समुद्राच्या अगदी काठावर आहे, आणि त्याचा पुढचा भाग लाटांनी केव्हाच नेला आहे.

नायकांनंतर तंजावरच्या गादीवर शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे आल्यावर तरंगमबाडीचे डेन तिकडे खंडणी भरू लागले. आणि याच तरंगमबाडीतून आलेल्या श्वार्ट्झ या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली तंजावरचे सरफोजी महाराज लहानाचे मोठे झाले. तंजावर काही समुद्रकाठी नाही, पण त्याच्यावाचून या किनाऱ्याचा अर्थ लागत नाही. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या मंदिराचे शिखर सर्वजण मान वर करून पाहतात. त्याच आवारातील भिंतींवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरविलेले भोसले घराण्याचे मराठी चरित्र मात्र थोडेच लोक शोधून वाचतात. मराठीतील इतका विस्तृत शिलालेख महाराष्ट्रात नाही, तो येथे, तमिळ देशात, चोळांच्या दगडावर आहे! ब्रिटिशांशी झालेल्या १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हातून मुलुखाचा कारभार गेला आणि किल्ल्यापुरती सत्ता व तनखा उरला. पण त्या रिकाम्या झालेल्या हातांनी त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाची अपूर्व वाढ केली, देवनागरी छापखाना काढला, इसापाच्या गोष्टी मराठीत आणून १८०६ मध्ये छापविल्या, आणि वैद्यकाच्या निरीक्षणांची टिपणे ठेवविली. राज्य गेलेल्या राजाने यापेक्षा उजळ आयुष्य घालविल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यांचे आणखी एक कार्य आपल्या प्रवासाशी थेट संबंधित आहे. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी सडकेवर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे अन्न व निवारा देणाऱ्या धर्मशाळा, बांधल्या होत्या, आणि त्यांच्या खर्चाला गावांचा महसूल लावून दिला होता. मुलुख इंग्रजांकडे जाताच ही व्यवस्था मोडेल, या चिंतेने सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटाला कळकळीचे पत्र लिहून छत्रांचा बंदोबस्त आपल्याकडेच राहावा अशी विनंती केली. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत कोणाही वाटसरूला येथे अन्न मिळते, आजाऱ्याला औषध मिळते, मुलांना शिक्षण मिळते, असे त्यांनी त्यात तपशिलाने मांडले होते. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्राची विस्तीर्ण वास्तू अजून उभी आहे; तिच्या जोत्यावर कोरलेले घोडे आणि रथाची चाके पाहण्याजोगी आहेत.

पुन्हा समुद्राकडे वळावे. नागपट्टणम हे चोळांच्या आरमाराचे बंदर. सुमात्र्याच्या श्रीविजय राजाने राजराजाच्या अनुमतीने येथे बौद्ध विहार बांधविला होता आणि चोळांनी त्याला गाव इनाम दिल्याचे ताम्रपट उपलब्ध आहेत. पुढे पोर्तुगीज आले, १६५८ मध्ये डच, १७८१ मध्ये इंग्रज. शेजारच्या नागोरच्या दर्ग्याचे पाच मनोरे आहेत, आणि त्यांतील सर्वांत उंच मनोरा तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला. त्सुनामीने तमिळनाडूत सर्वाधिक बळी घेतले ते याच जिल्ह्यात.

नागपट्टणमच्या दक्षिणेस जमीन एकाएकी पश्चिमेकडे वळते, आणि त्या कोपऱ्यावर कोडियक्करै आहे. संपूर्ण वाटेवर एकाच अरण्यासाठी वेळ असेल तर तो येथे द्यावा. गिंडीत ज्याचा लहानसा नमुना पाहिला ते शुष्क सदाहरित वन येथे आपल्या मूळच्या ऐटीत आहे. त्याला लागून गवताळ मैदान, त्यावर काळविटांचे कळप आणि एके काळी माणसाळलेल्या पण आता रानटी झालेल्या घोड्यांची टोळकी. आणि त्याच्याही पलीकडे वेदारण्यमपर्यंत गेलेली उथळ, खारट दलदल. १९६७ साली हे अभयारण्य झाले, आणि २००२ मध्ये या सर्व पाणथळ प्रदेशाला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी येथे उतरतात. रोहितांचे थवे पाण्यात मान घालून पुढे पुढे सरकत असतात, आणि तुतारी, सुरय, चिखले अशा लहान पाणपक्ष्यांची तर गणतीच नसते. सालिम अलींनी या जागेचे महत्त्व ओळखले, आणि त्यांच्या प्रेरणेने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास चालविला. पायात मुंबईचा पत्ता घेऊन येथून उडालेला पक्षी सैबेरियासारख्या दूर देशी सापडावा, यासारखा रोमहर्षक पुरावा ज्ञानाच्या क्षेत्रात थोडाच असेल.

या दलदलीच्या कडेला मिठागरे आहेत, आणि त्यांचाही इतिहास आहे. दांडीच्या सत्याग्रहानंतर आठवडाभरातच, १३ एप्रिल १९३० रोजी राजाजी आपल्या सत्याग्रहींसह तिरुचिरापल्लीहून निघाले ते येथेच, वेदारण्यमला मीठ उचलण्यासाठी. महिनाअखेरीस ते उचलले आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गजा’ चक्रीवादळ नेमके याच कोपऱ्यावर आदळले, तेव्हा अरण्यातील अगणित वृक्ष उन्मळले आणि काळवीट व घोडे दगावले. वन हळूहळू सावरत आहे. परंतु कावेरीवर ठिकठिकाणी बांध पडल्याने दलदलीला पूर्वीसारखे गोडे पाणी पोचत नाही आणि गाळही पोचत नाही, ही चिंता वादळाहून मोठी आहे. वादळ एका रात्रीचे असते.

येथून पाल्कच्या उपसागराच्या काठाने जाताना मल्लिपट्टणमजवळ एक आठ मजली, षट्कोनी बुरूज दिसतो. त्याचे नाव मनोरा. नेपोलियनचा पाडाव आणि इंग्रजांचा विजय यांच्या स्मरणार्थ सरफोजींनी तो १८१४-१५ च्या सुमारास बांधला. मराठा राजाने फ्रान्सच्या सम्राटाच्या पराभवाचे स्मारक तमिळ किनाऱ्यावर उभारावे, यात मांडलिक राजाची अगतिकता आहे, आणि जगाच्या बातम्यांकडे लागलेली त्याची उत्सुक दृष्टीही आहे. त्या बुरुजासमोरच्या उथळ समुद्रात सागरी गवताची कुरणे आहेत, आणि त्यांवर समुद्रगाय चरते: सुमारे तीन मीटर लांबीचा, निरुपद्रवी, सस्तन प्राणी, जो मांसासाठी मारला जाऊन आणि जाळ्यांत गुदमरून भारताच्या समुद्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या समुद्रातील ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्यासाठी राखीव केले; देशातील हे पहिले समुद्रगाय-संरक्षण क्षेत्र. जाळ्यात सापडलेली समुद्रगाय जिवंत सोडून देणाऱ्या कोळ्यांना बक्षीस देण्याची पद्धतही सुरू झाली आहे, आणि मला तीच अधिक भरवशाची वाटते, कारण समुद्रावर पहारा ठेवण्यास शासनापेक्षा कोळी सदैव अधिक जवळ असतो.

रामेश्वराच्या देवळातील लांबच लांब दगडी मार्ग वाचकांना परिचित आहेत. बेटाच्या टोकाला धनुष्कोडी. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री समुद्राने ते गाव, बंदर, रूळ आणि स्टेशनाकडे येत असलेली प्रवाशांनी भरलेली गाडी, सारे काही गिळले, आणि सरकारने त्या जागेला वस्तीस अयोग्य ठरविले. प्रार्थनामंदिराच्या पडक्या भिंती तेथे अजून आहेत, आणि जवळून पाहिल्यास त्या भिंतींत प्रवाळाचे दगड दिसतात.

ते प्रवाळ जवळच्याच समुद्रातले. रामेश्वरापासून तूत्तुक्कुडीपर्यंत सुमारे १६० किलोमीटरांच्या पट्ट्यात २१ बेटांची माळ आहे. त्यांच्याभोवतीच्या प्रवाळभित्तींसह ५६० चौरस किलोमीटरांचे मण्णार आखाताचे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८६ मध्ये झाले, आणि १९८९ मध्ये त्याभोवतीचे १०,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र जीवावरण राखीव म्हणून घोषित झाले. वनस्पती आणि प्राणी मिळून ३,६०० हून अधिक जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत. पांड्यांच्या काळापासून मोत्यांसाठी आणि शंखांसाठी पाणबुडे येथे उतरत आले. पुढे चुन्याच्या भट्ट्यांसाठी व बांधकामासाठी प्रवाळ इतके उपसले गेले की दोन बेटे पाण्याखाली गेली. आता पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याचे संकट आहे, २०१० आणि २०१६ मध्ये त्याने मोठी हानी केली. किनाऱ्यावरच्या कोळी स्त्रिया बेटांभोवती बुडी मारून समुद्रशेवाळ गोळा करतात आणि त्यावर त्यांची चूल चालते. उद्यान झाले तेव्हा त्यांच्या येण्याजाण्यावर निर्बंध आले. प्रवाळ वाचलेच पाहिजेत, यात मला शंका नाही. पण ज्यांनी ते उपसून भट्ट्या चालविल्या ते ठेकेदार आणि ज्या हातांनी शेवाळ तोडतात त्या स्त्रिया यांना एकाच कायद्याच्या मापाने मोजणे न्याय्य नव्हे.

जाणाऱ्याने जानेवारी ते मार्च हा काळ निवडावा. पाऊस संपलेला असतो, पक्षी अजून गेलेले नसतात आणि उन्हाळा तापलेला नसतो. कोडियक्करैला पहाटे अथवा संध्याकाळी, वनखात्याची परवानगी घेऊन आणि वाटाड्यासह फिरावे. मण्णारच्या बेटांवर पाय ठेवण्यास सामान्यतः मनाई असते; वनखात्याच्या काचतळाच्या नावांतून प्रवाळ पाहता येतात, तेवढ्यावर समाधान मानावे. तंजावरला सरस्वती महालासाठी आणि शिलालेखासाठी एक सबंध दिवस राखावा, आणि ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी तेथील मोडी कागदांकडे अवश्य लक्ष द्यावे, कारण वाचणारे कमी आहेत आणि रुमाल पुष्कळ. आणि रामेश्वराच्या वाटेवर कोणी प्रवाळाचा तुकडा विकावयास आणला तर तो घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ बाळगणे हा गुन्हा आहे.